बिडाच्या जुन्या पाईपाला प्लास्टिक जोडताना

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले की जुन्या घरात पहिले काम निघते ते माडीवरच्या मोरी-संडासाचे. आजोबांना रात्री जिना उतरवत नाही, घरात माणसे वाढलेली असतात, एका मोरीवर सकाळी रांग लागते. गवंडी येतो. नळ ठरतात, फरशी ठरते, फरशीच्या रंगावरून घरात दोन दिवस वाद होतो. पण सांडपाण्याचा नवा प्लास्टिकचा पाईप भिंतीवरच्या जुन्या बिडाच्या पाईपाला कसा जोडायचा, हे कोणी विचारीत नाही. गवंडी म्हणतो, "मालक, आत घालतो आन् सिमीट थापतो. काय होत न्हाय." तुम्ही मान हलवता आणि विषय मिटतो.

वाचकहो, ते 'काय होत न्हाय' पहिले वर्षभर खरे असते. मग एखाद्या पावसाळ्यात भिंतीला ओल दिसते आणि सगळे कौलांकडे बघतात. उन्हाळा आला तरी ओल हटत नाही, तेव्हा कुठे पाईपाकडे लक्ष जाते.

आपल्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, नाहीतर दगड मातीत बसवून बांधलेल्या. त्यांना वरून चुन्याचा गिलावा असतो, पोटात मातीच. सांध्यातून थेंब थेंब पाणी रोज झिरपले की ही माती हळूहळू वाहून जाते, भिंत पोट काढते आणि मुसळधार पावसात खचते. सांधा जमिनीत असेल तर निराळेच संकट. ते मैलापाणी आडात उतरू शकते आणि पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. ती 'ई' प्रकारची कावीळ. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले की ती पसरते आणि गरोदर बाईच्या तर जिवावर उठते. म्हणून या चार इंची सांध्यासाठी मी तुमचा एवढा वेळ घेतो आहे.

आधी जुन्या पाईपाची ओळख करून घेऊ. जुना काळा पाईप दिसला की आपण तो बिडाचा म्हणून मोकळे होतो. लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर बीड किंवा लोखंड. नाही चिकटला तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. तसा पाईप कोरडाच करवतीने किंवा ग्राइंडरने कापू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. तो शक्यतो न कापता अख्खा उतरवावा आणि ओला ठेवून हाताळावा.

बिडाचा निघाला तर लहान हातोडीने हलकेच टिचकी मारा. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तोच प्रकार. खणखणीत वाजला तर पाईप धड आहे. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. जमिनीलगतचा भाग चाकूने खरवडूनही पाहा. बीड वर्षानुवर्षे ओलीत राहिले की त्यातले लोखंड गंजून जाते आणि आकार तसाच ठेवून मऊ, काळा, पेन्सिलीच्या शिशासारखा सांगाडा मागे उरतो. दिसायला पाईप साबूत, पण चाकू आत जातो. अशा पाईपाला कसलाही सांधा टिकणार नाही. तो तुकडा बदलण्याखेरीज इलाज नाही, आणि खर्च वाचवण्याच्या नादात इथे डोळेझाक करणारे मी बरेच पाहिले आहेत.

धड असेल तर मात्र उगाच काढू नका. बीड जड असते (चार इंची, सहा फुटी नगाचे वजन वीस-बावीस किलो भरते, तेवढ्याच प्लास्टिकचे तीन किलोही नाही), पण ते उन्हाने सुकत नाही, उंदीर-घुशी त्याला कुरतडत नाहीत आणि आतून पाणी पडल्याचा आवाज फारसा येत नाही.

जुने कारागीर बिडाचा सांधा कसा करीत, तेही ऐका. बिडाच्या नगाचे एक तोंड रुंद असते. कोणी त्याला कॉलर म्हणतात, कोणी सॉकेट. या तोंडात वरच्या नगाचे साधे टोक बसवायचे. दोहोंमधल्या फटीत डांबरात भिजवलेली तागाची दोरी छिन्नीने ठासायची आणि वर वितळलेले शिसे ओतायचे. शिसे थंड होताना थोडे आकसते, म्हणून पुन्हा बोथट छिन्नीने ठोकून ते कडेला दाबून बसवायचे. एका सांध्याला साधारण किलोभर शिसे लागे. शिसे मऊ, त्यामुळे घर थोडे बसले, पाईप थोडा हलला तरी ते धरून राही. असे सांधे पन्नास-पन्नास वर्षे टिकलेले आहेत.

आता कोणी म्हणेल, मग प्लास्टिकभोवतीही शिसेच ओतू. शिसे वितळते ३२७ अंशांवर. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. ओतलेले शिसे पाईप जाळून आत घुसेल. तेव्हा तो विचार सोडा.

सिमेंट का धरत नाही?

शेतात पाईपलाइन केलेली असेल तर 'सोल्युशन' तुम्हाला ठाऊक आहे. ते डिंकासारखे चिकटवत नाही. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि सुकल्यावर एकच पाईप होतो. म्हणून प्लास्टिकला प्लास्टिक पक्के बसते. बिडाचा थर सोल्युशनने विरघळत नाही. म्हणजे तिथे त्याचा उपयोग शून्य.

सिमेंटचे दुखणे वेगळे. प्लास्टिकचा पाईप बाहेरून गुळगुळीत. सिमेंटचा गिलावा त्याला चिकटत नाही, नुसता कवटाळून बसतो. त्यातच प्लास्टिक उन्हात वाढते आणि थंडीत आकसते. दहा फुटी पाईप, पहाटेचा गारवा आणि दुपारचे ऊन यांत तीस अंशांचा फरक धरा. तेवढ्यात तो सहा मिलिमीटरच्या आसपास लांबतो. तेवढेच बीड जेमतेम एक मिलिमीटर लांबते. रोज सकाळ-दुपार हे चालले म्हणजे सिमेंटचे कडे तडकते, केसाएवढी फट पडते आणि पाण्याला तेवढी वाट पुरते.

काळ्या जमिनीत हा सांधा पुरला तर आणखी वाईट. मे महिन्यात तुमच्या रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि मृगात त्या मिटतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तीच माती अंगणाखालीही आहे. ती फुगताना आणि आकसताना पाईपाला वर-खाली करते. अशा जागी ताठर सांधा म्हणजे आज ना उद्या तुटणारा सांधा.

जाळावर पाईपाचे टोक शेकून, मऊ झाले की बिडावर चढवायचे, हीही आपल्याकडची जुनी युक्ती. टोक थंड होऊन बिडाला घट्ट आवळते खरे, पण बीड खडबडीत असते, मधल्या खाचा तशाच राहतात. शिवाय शेकताना पाईपाची भिंत पातळ होते, आणि पाईप जळू लागला तर त्याचा धूर नाका-डोळ्यांना झोंबतो, छातीला बाधतो. सायकलची ट्यूब गुंडाळून वर तार पिळणे, हे तर रात्री अडल्यावेळी, सकाळी प्लंबर येईपर्यंत करण्याचे काम. ते पाच वर्षे तसेच ठेवू नये.

माप घेताना होणारा घोटाळा

दुकानात जाऊन "चार इंची द्या" म्हणाल तर फसाल. बिडाचा १०० मिलिमीटर पाईप म्हणजे आतला व्यास १००. प्लास्टिकचा ११० मिलिमीटर म्हणजे बाहेरचा व्यास ११०. दोन्ही चार इंचीच म्हणवतात आणि आतून जवळजवळ सारखेच असतात. पण त्या मापांवर विसंबू नका, कारण जुन्या ओतकामात फरक असतो. बिडाच्या पाईपावरचा गंज खरवडून काढा, भोवती सुतळीचा एक वेढा घ्या, सुतळी मोजा आणि ३.१४ ने भागा. आठवीतला मुलगा हे गणित करून देईल. सुतळी साडेचौतीस सेंटिमीटर भरली तर बाहेरचा व्यास ११० आला. रुंद तोंडाचा आतला व्यास आणि खोली मात्र पट्टीनेच मोजा. ही मापे कागदावर लिहूनच तालुक्याला जा.

पाईप घेताना 'एस.डब्ल्यू.आर.' पाईप मागा. त्यात 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार येतात. 'ए' पातळ, पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला. संडास-मोरीला 'बी'. ११० च्या 'बी' पाईपाची भिंत निदान ३.२ मिलिमीटर जाड असते. शेतातला उरलेला चार किलोचा पाईप बाहेरून त्याच मापाचा असतो, म्हणून तो वापरायचा मोह होतो. पण त्याची भिंत याहून पातळ. माडीवरून उतरणाऱ्या मैल्याच्या लाईनला तो मी तरी लावणार नाही.

आता प्रत्यक्ष सांधा. सांडपाण्याच्या कामात एक नियम आहे: वरचे टोक खालच्या रुंद तोंडात जाते. रुंद तोंड नेहमी पाणी येते त्या बाजूला. उलटे बसवले तर प्रत्येक सांध्यावर पाण्याला कड आडवी येते, तिथे केस, धागे, भाताची शिते अडकतात आणि पाईप तुंबतो.

दोन साधी टोके समोरासमोर येत असतील तर काम सोपे आहे. जाड रबराची कॉलर मिळते, तिच्यावर दोन न गंजणाऱ्या पोलादी पट्ट्या आणि स्क्रू असतात. मोटारीच्या होजला क्लिप लावतो तशीच तऱ्हा. दुकानात 'बीड ते पीव्हीसी रबरी कपलिंग' म्हणून मागा आणि तुमची दोन्ही मापे दाखवा. तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवायला सांगा, दोन दिवस थांबा. बिडाचे टोक सरळ कापलेले हवे. पाईपाभोवती खडूने रेघ मारून हेक्साने चहूबाजूंनी थोडे थोडे कापत जावे. घण घालू नये, बीड काचेसारखे चिरते. मग कानशीने कड साफ करून, गंज तारेच्या ब्रशने उतरवून, कॉलर निम्मी बिडावर, निम्मी प्लास्टिकवर चढवावी आणि दोन्ही पट्ट्या आलटून पालटून आवळाव्यात. एवढेच. हा सांधा हलतो, पण गळत नाही.

प्लास्टिक बिडाच्या रुंद तोंडात उतरवायचे असेल तर जास्त निगुतीने करावे लागते, आणि बहुतेक घरांत हेच करायचे असते. पहिले काम जुना सांधा मोकळा करण्याचे. शिशाला ड्रिलने जवळजवळ भोके पाडा आणि ते लहान छिन्नीने उचकटून काढा. ब्लो-लॅम्पने वितळवू नका, शिशाची वाफ विषारी असते. निघालेले तुकडे मुलांच्या हाती देऊ नका. जाळ्याला गोळ्या करायच्या म्हणून ते स्वयंपाकाच्या चुलीवर, घरातल्या पातेल्यात वितळवण्याचा प्रकार तर मुळीच नको.

तोंड साफ झाले की प्लास्टिक आणि बीड यांच्यामध्ये चोहोबाजूंनी साधारण तीन सूत फट राहते. या फटीत बसणारी जाड रबरी रिंग मापाने मिळाली तर तीच घ्या. पाईपाची कड कानशीने उतरती करा, साबणाचे पाणी लावा आणि पाईप सरळ दाबा. ग्रीस, गोडेतेल, डिझेल लावू नका, त्याने रबर फुगते. पाईप पूर्ण आत गेला की पेन्सिलीने खूण करा आणि तीन सूत मागे ओढा. ही मोकळी जागा त्याला उन्हात वाढायला लागते. घाईत ती विसरली जाते.

रिंग मिळालीच नाही तर? सिमेंटचा सांधा अगदी निषिद्ध आहे असे नाही, पण तो असा करावा. प्लास्टिकच्या टोकाला तोंडाच्या खोलीइतके सोल्युशन फासा आणि ओले असतानाच त्यावर कोरडी, चाळलेली, खरखरीत वाळू भुरभुरवा. रात्रभर सुकू द्या. वाळू पाईपाला घट्ट बसते आणि सिमेंटला धरायला जागा मिळते. पाईप मध्यभागी बसवून फटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात डांबरी तागाची दोरी ठासा, म्हणजे सिमेंट आत गळून पाईपात गुठळी होणार नाही. मग घट्ट कालवलेले सिमेंट दाबून भरा आणि आठवडाभर ओले गोणपाट गुंडाळून ठेवा. आणि या सांध्याच्या वर पहिलाच प्लास्टिकचा जोड सोल्युशनचा न करता रबरी रिंगचा करा. मग पाईपाची हालचाल तो जोड सोसेल आणि सिमेंटवर ताण येणार नाही. पाईपाला भिंतीवर पट्ट्याही हव्यात, आडव्या लाईनला दर साडेतीन फुटांवर आणि उभ्या लाईनला सहा फुटांच्या आत. पाईपाचे वजन सांध्यावर लोंबकळता कामा नये.

उभ्या बिडाच्या लाईनला मध्येच फाटा काढायचा असेल तर ते काम घरी करू नका. मधला तुकडा कापला की वरचे सगळे बीड अधांतरी होते. आधी वरच्या नगाला कॉलरखाली लोखंडी पट्टीचा भक्कम आधार द्यावा लागतो. माडीच्या उंचीवरून वीस किलोचा नग सुटला तर काय होईल, ते सांगायला नको. कसबी प्लंबर बोलवा, फाटा काटकोनातला 'टी' न घालता तिरका 'वाय' घालायला सांगा, आणि तो आधार देतो की नाही हे स्वतः उभे राहून पाहा.

जमिनीत दोन्ही पाईप भेटत असतील तर माझे मत स्पष्ट आहे. तिथे पाईपाला पाईप जोडूच नका, विटांचे चेंबर बांधा. एका बाजूने प्लास्टिक आत येऊ द्या, दुसऱ्या बाजूने बीड बाहेर जाऊ द्या. तळाला सिमेंटची गुळगुळीत अर्धगोल नाली करा, खड्डा ठेवू नका, नाहीतर तिथे मैला साचून राहील. प्लास्टिकचा जो भाग भिंतीत जातो, त्याला वर सांगितलेले सोल्युशन-वाळूचे अस्तर द्या. काळी जमीन असेल तर पाईपाखाली आणि बाजूने वीतभर वाळू भरा. ढाळ दर दहा फुटांना अडीच-तीन इंच ठेवा. चेंबर असले म्हणजे तुंबले तरी झाकण उघडून काठी घालता येते, अंगण खणावे लागत नाही. मात्र झाकण उघडून लगेच वाकू नका, गॅस जाऊ द्या. मैलाच्या टाकीत तर कोणालाही उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या गॅसने माणूस क्षणात मरतो. शोषखड्डा आणि आड यांत निदान साठ फूट अंतर हवे. पण लाईन आडाजवळून जात असेल आणि सांधा तिथेच गळत असेल, तर साठ फुटांवर खड्डा खणून काय उपयोग? आडाजवळ सांधा येऊच नये अशा बेताने पाईपाचे तुकडे पाडा. दहा फुटांऐवजी वीस फुटांचा अखंड नग तिथे घाला.

गिलावा करण्यापूर्वी, माती लोटण्यापूर्वी चाचणी घ्या. भगिनींनो, हे काम तुम्ही हाती घ्या, कारण गवंड्याला निघायची घाई असते. सांध्याच्या खाली पाईप फडक्याचा गोळा आणि पिशवी घालून बंद करा. गोळ्याला बळकट दोरी बांधायला विसरू नका. सांधा बाहेरून कोरडा पुसून त्यावर चुन्याची निवळी फासा आणि वाळू द्या. मग वरून पाणी भरून सांध्याच्या वर हातभर उभे राहू द्या. अर्ध्या तासात पांढऱ्या चुन्यावर काळसर ओला डाग उठला तर गळती आहे. डाग कुठे आहे तेही कळते. डाग उठला तर कारागिराचे उरलेले पैसे देण्यापूर्वी सांधा पुन्हा करून घ्या. वरून नुसते लुकण चोपडून घेऊ नका.

भिंतीवरचा उघडा प्लास्टिक पाईप उन्हाने पांढुरका आणि ठिसूळ होतो. त्याला फिका तेलरंग द्या. भाताची उकळती पेज, बंबातले कढत पाणी एकदम ओतू नका, आधी थोडे गार पाणी घाला. बिडाच्या लाईनचे कौलांवर गेलेले टोक म्हणजे दुर्गंधी बाहेर नेणारी हवेची नळी, ती 'जुनी झाली' म्हणून कापून बुजवू नका. गंजली असेल तर तेवढ्यापुरता 'ए' प्रकारचा पाईप लावा आणि तोंडाला डासांची जाळी बांधा.

आणि माती लोटण्यापूर्वी एका कागदावर घराचा कोपरा, चेंबर आणि प्रत्येक सांधा यांमधली अंतरे फुटांत लिहून तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. पुढे कोणी पेरूचे झाड लावायला किंवा बोअरची वायर पुरायला कुदळ मारील, तेव्हा तो आधी काढून बघता येईल.